लग्नाच्या बैठकीत बसणाऱ्यांशी कसं बोलायचं: नाशिक जिल्ह्यात बालविवाहाविरुद्ध पुरुष आणि मुलांसोबत नव्याने काम करणाऱ्यांसाठी

मुलीचं लग्न ठरतं ती बैठक गावाकडे फार वेळ चालत नाही. ओसरीवर सतरंजी, मुलीचा बाप, चुलते, मामा, मुलाकडचे चार-पाच जण, मध्यस्थ आणि गावातला एखादा जाणता. देण्याघेण्याचं बोलणं होतं, तिथी निघते, सुपारी फुटते. आई आत चहा करत असते आणि जिचं लग्न ठरतंय ती बहुतेक वेळा समोरही नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. म्हणजे साधारण पाचातली एक. तरीही आपली शिबिरं, पथनाट्यं, पोस्टर बहुतेक मुली आणि त्यांच्या आयांसाठी असतात. निर्णय घेणारे पुरुष त्या वेळी शेतात, पारावर नाहीतर कंपनीत असतात.

हा लेख नव्याने काम सुरू करणाऱ्या शिक्षक, कार्यकर्ते, ग्रामपंचायत सदस्य आणि मंडळांच्या पोरांसाठी आहे. बैठकीत बसणारे पुरुष आणि उद्या बसणारी मुलं यांच्यापर्यंत कसं पोचायचं, काय बोलायचं आणि कुठे गाडं अडतं, ते इथे क्रमाने दिलं आहे.

१. आधी भाग आणि हंगाम ओळखा

नाशिक जिल्ह्यात पंधरा तालुके आहेत आणि एकाच पद्धतीने सगळीकडे काम होत नाही. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या पट्ट्यातली कोकणा, महादेव कोळी, वारली कुटुंबं पावसाळा संपला की निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागांच्या कामाला उतरतात. मुलगी वयात आली की तिला गावी एकटी ठेवायची भीती आणि बागेवरच्या झोपडीत नेण्याची त्याहून मोठी भीती. त्यावर बापाला सुचणारा उपाय म्हणजे लग्न. नांदगाव, मालेगाव भागातल्या ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचंही हेच. निफाड, येवला, चांदवडच्या बागायती पट्ट्यात कारण वेगळं असतं. तिथे शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही, त्यामुळे मुलाकडचे लोक हुंडा नको, खर्चही आमचा, असं म्हणत कमी वयाच्या मुलीपर्यंत येतात. सातपूर-अंबडच्या कामगार वस्त्यांत मुलगी पळून जाईल ही धास्ती सगळ्यात वर.

कारण कळलं नाही तर बोलणं वाया जातं. जो बाप भीतीपोटी लग्न लावतोय, त्याला आरोग्याचं भाषण पोचत नाही.

लग्नसराई तुळशीच्या लग्नानंतर सुरू होते आणि मे महिन्यात भरात येते. बागलाण, मालेगावकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लग्नं जास्त असतात. त्या दिवशी कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांनाच बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याचे अधिकार असतात. तुमचं मुख्य काम मात्र त्याच्या खूप आधी, भाताची लावणी आटोपल्यापासून दसऱ्यापर्यंत व्हायला हवं. गणपती, नवरात्र आणि हरिनाम सप्ताह याच काळात येतात आणि पुरुष एका जागी सापडतात. १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरची ग्रामसभाही याच टप्प्यात. द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की बागायती गावात संध्याकाळी आठच्या आत कुणी भेटत नाही आणि आदिवासी पाडा अर्धा रिकामा होतो. मजूर कुटुंबांना त्या दिवसांत भेटायचं तर बागेवरच जावं लागतं. अमावास्येला बरेच शेतकरी काम बंद ठेवतात, तो दिवस धरा.

२. कोण ठरवतं, याची यादी करा

गावात गेल्यावर पहिले दोन आठवडे कार्यक्रम घेऊ नका. गेल्या दोन-तीन वर्षांतली लग्नं कुणी जमवली, बोलणी कुणी केली, पैसे कुणी दिले, हे अंगणवाडी सेविका, आशाताई आणि पोलीस पाटलांना विचारा. मुलींची नावं लिहून घेऊ नका, भूमिका लिहा. यादी बहुधा अशी निघते: बाप, थोरला चुलता, मामा, मध्यस्थ, भाऊबंदकीतला किंवा जातीतला जाणता, आणि मुलाचा बाप.

मामावर थोडं थांबतो, कारण त्याला सगळेच विसरतात. मुलीला मांडवात आणतो मामा, तिच्या पाठीशी उभा राहतो मामा, आणि आईच्या बाजूचा एकमेव पुरुष म्हणून बैठकीत त्याच्या शब्दाला वजन असतं. आईला जे बोलता येत नाही ते मामा बोलू शकतो. मामा बहुतेक दुसऱ्या गावात राहतो, त्यामुळे एकाच गावापुरतं काम आखलं की तो सुटतो. मुलींच्या आयांना माहेर विचारा आणि कामाची हद्द त्या पाच-सहा गावांपर्यंत न्या.

३. पुरुषांना लागू होणारा कायदा पाठ करा

धमकी म्हणून नाही, कुणी विचारलं तर चुकू नये म्हणून. अर्धवट सांगितलेला कायदा गावात तासाभरात पकडला जातो आणि पुढे तुमचं काहीच कुणी ऐकत नाही.

बालविवाह प्रतिबंधक अधिनियम २००६ प्रमाणे मुलगी १८ आणि मुलगा २१ पूर्ण हवा. अठरा वर्षांवरच्या पुरुषाने अल्पवयीन मुलीशी लग्न केलं तर त्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. लग्न लावणारा, लावायला मदत करणारा, परवानगी देणारे पालक, इतकंच काय, जाणूनबुजून हजर राहणारा पाहुणाही शिक्षेला पात्र आहे. पालक आणि हजर राहणाऱ्यांच्या कलमात स्त्रीला कैद नाही, त्यामुळे तुरुंगात जायची वेळ येते ती बाप, चुलता, मामा यांच्यावर. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे.

पुढचा भाग मुलांना जवळजवळ कुठेच सांगितला जात नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की पत्नी अठराच्या आतली असेल तर तिच्याशी शरीरसंबंध हा बलात्कार ठरतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तेच आहे. शिवाय पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागतो. त्यात किमान शिक्षा दहा वर्षांपासून सुरू होते, मुलगी सोळाच्या आतली असेल किंवा गरोदर राहिली तर किमान वीस वर्षं. मुलीचं नाव बाळंतपणासाठी दवाखान्यात घातलं की वय कळतं आणि डॉक्टरांना पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. घरच्यांच्या संमतीने, वाजतगाजत लग्न झालेलं असलं तरी गुन्हा त्या मुलावर नोंदवला जातो. बैठकीत त्याचा बाप दंडाचा विचार करून बसलेला असतो, वीस वर्षांचा नाही.

अडचण आली तर कुणाकडे जायचं तेही नीट लक्षात ठेवा. ग्रामीण भागात ग्रामसेवक (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आणि अंगणवाडी सेविका त्यांच्या सहायक. शहरात बालविकास प्रकल्प अधिकारी. सरपंच किंवा पोलीस पाटील लग्न थांबवायला मदत करतात, पण कायद्याने जबाबदारी बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आणि त्यांच्या सहायकांची आहे.

४. कागद आणि साहित्य

पहिल्या बैठकीआधी हे हातात हवं:

- ग्रामपंचायतीचं परवानगीपत्र, शक्य तर ग्रामसभेचा ठराव. पेसा गावात (अनुसूचित क्षेत्रातल्या आदिवासी गावांसाठीचा ग्रामसभेचा कायदा जिथे लागू आहे तिथे) पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा असेल तर तिचा ठराव वेगळा घ्या, मोठ्या गावाचा ठराव पाड्यावर चालवायला जाऊ नका.
- शाळेत सत्रं घेणार असाल तर मुख्याध्यापकांची लेखी परवानगी.
- अठराच्या आतल्या प्रत्येक मुलाच्या पालकांचं संमतीपत्र. फोटो काढणार असाल तर त्याची संमती वेगळी.
- सत्र घेणाऱ्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी. लहान मुलांसोबत काम आहे, ओळखीचा म्हणून सूट देऊ नका.
- एका पानावर नंबर: १०९८ (चाइल्ड हेल्पलाइन, चोवीस तास, मोफत), ११२ (पोलीस), गावच्या ग्रामसेवकाचा, अंगणवाडी सेविकेचा, जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा आणि बालकल्याण समितीचा. हा कागद दर तीन महिन्यांनी तपासा, बदल्या होतात.
- चार्ट पेपर, जाड स्केचपेन, दोरी, दोन वह्या. एक हजेरीची आणि एक पाठपुराव्याची. दुसरी वही कपाटात कुलपात.

ग्राम बाल संरक्षण समिती कागदावर बहुतेक गावांत असते. सरपंच अध्यक्ष आणि अंगणवाडी सेविका सचिव. तिची शेवटची बैठक कधी झाली ते इतिवृत्ताच्या वहीत बघा. झालेली नसेल तर नवी समिती काढू नका, तीच जागी करा.

५. मुलांचे गट बांधा

एका गटात १५ ते २०, त्याहून जास्त नको. वय तीन टप्प्यांत: ११ ते १४, १५ ते १८ आणि १९ ते २५. बारा वर्षांचा मुलगा आणि बावीस वर्षांचा दादा एकत्र बसवले की लहान बोलत नाही आणि मोठा शेखी मिरवतो. सत्र सव्वा ते दीड तासाचं, आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा, किमान आठ सत्रं. दोन-तीन सत्रांत मुलं फक्त तुम्हाला ऐकायचं असतं ते बोलतात. सत्र घेणारा पुरुष असावा आणि स्थानिक बोली येणारा असावा. सुरगाण्यात कोकणी (कोकणा समाजाची बोली), मालेगाव-बागलाणकडे अहिराणी येणारा मिळाला तर निम्मं काम झालं.

मुलं कुठे जमतात तिथे जा. क्रिकेटचं मैदान, तालीम, ढोल पथकाचा सराव, गणेश मंडळ. सरावाआधीचा वेळ मागा, नंतर सगळ्यांना घरी पळायचं असतं.

पहिल्या सत्रात कायदा काढू नका. दिवसाच्या घड्याळापासून सुरुवात करा. चार्टवर दोन मोठी वर्तुळं काढायची, एक मुलाचं आणि एक त्याच्याच बहिणीचं. पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत प्रत्येक तासाला कोण काय करतं ते मुलांनीच भरायचं. पाणी, झाडलोट, भाकरी, शाळा, धुणं, भांडी, धाकट्याला सांभाळणं. मुलाच्या वर्तुळात शाळेनंतर मोकळी जागा उरते, बहिणीच्या वर्तुळात उरत नाही. तुम्ही काही बोलू नका, कुणीतरी मुलगाच बोलतो. मग विचारा, हिचं लग्न झालं की ही कामं कुणाच्या घरात जातील आणि आपल्या घरात कुणाकडे येतील? पुढच्या सत्रापर्यंत प्रत्येकाने यातलं एक काम उचलायचं. पाणी भरणं सहसा निवडलं जातं, भांडी नाही. त्यावर हसू नका आणि पाठही थोपटू नका.

एक सत्र खर्चाच्या हिशेबाचं घ्या. आकडे तुम्ही आणू नका, मुलांना घरून विचारून आणायला सांगा: गेल्या लग्नात बस्ता केवढ्याचा, मांडव आणि आचाऱ्याचे किती, डीजेला किती, त्यातलं कर्ज किती आणि व्याज काय दराने. बाजूला दुसरा रकाना: मुलीला बारावीपर्यंत शिकवायला खरोखर किती लागतात. पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची फी २०२४-२५ पासून माफ आहे. हे मुलांना माहीत नसतं आणि बापांनाही नसतं.

बाकीची सत्रं अशी: शरीर आणि कमी वयातलं बाळंतपण (अशक्तपणा, अडलेलं बाळंतपण, कमी वजनाचं मूल), 'खरा मर्द' म्हणजे काय यावरची चर्चा, कायदा, प्रेम आणि संमती, बोलण्याचा सराव. प्रेमावरचं सत्र टाळू नका. सोळा-सतरा वर्षांच्या दोघांनी पळून जाऊन लग्न करणं हाही बालविवाहच आहे आणि त्यात पोक्सोखाली आत जातो तो मुलगा. पण हे भीती घालायला सांगू नका. नातं असेल तर थांबायचं कसं, 'नाही' म्हटलेलं ऐकायचं कसं, घरी कळलं तर कुणाशी बोलायचं, हे शिकवा. घरी कळताच मुलीचं लग्न घाईने दुसरीकडे लावलं जातं, हेही मुलांना माहीत असू द्या.

सगळ्यात मोठा धोका इथेच आहे. 'आपल्या बहिणींचं रक्षण करा' असं एकदा बोललात की मुलं पहारेकरी होतात. कुणाचा मोबाइल तपासतात, कोण कुणाशी बोलली याची खबर घरी देतात, आणि त्या खबरीमुळेच मुलीची शाळा सुटते. 'रक्षण', 'इज्जत', 'आपल्या मुली' हे शब्द सत्रातून काढून टाका. मुलाचं काम बहिणीवर नजर ठेवणं नाही, तिचं म्हणणं घरात ऐकलं जाईल अशी जागा करणं आहे. गटातल्या कुणी अशी खबर पुरवल्याचं कळलं तर पुढचं सत्र त्याच विषयावर घ्या, त्याचं नाव न घेता.

पाचव्या-सहाव्या सत्रानंतर मुलींच्या गटासोबत एकत्र सत्र घ्या. आधी मुलींना विचारा, त्यांना हवं असेल तरच. मुलांनी काय करावं हे मुलींनी सांगायचं आणि त्या वेळात मुलांनी फक्त ऐकायचं.

६. बोलण्याचा सराव

मुलाला पटलं तरी बैठकीत तो तोंड उघडत नाही. वडीलधाऱ्यांसमोर कसं बोलायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. म्हणून सराव बैठकीचा घेऊ नका, बैठकीआधी एकट्या मामाला गाठण्याचा घ्या. दोघांनी समोरासमोर बसायचं, एक भाचा, एक मामा.

"मामा, तुमच्याशी जरा बोलायचं होतं. दादांसमोर नको म्हणून आधी तुमच्याकडे आलो."

"बोल की."

"ताईला अजून सतरावं लागायचंय."

"तुला काय कळतं त्यातलं? पोरगा चांगला आहे. पाच एकर बागायत."

"चांगला आहे म्हणूनच म्हणतो, मामा. उद्या ताईचं नाव दवाखान्यात घातलं की वय विचारणार, आणि केस त्याच्यावरच होणार. त्यांचंही घर बसेल. तिचं अठरा होऊ द्या, मग तिला विचारून बैठक घेऊ. दादा माझं ऐकणार नाहीत, तुमचं ऐकतात."

यात तीन गोष्टी आहेत, त्या मुलांकडून घटवून घ्या. एकट्यात बोलणं, समोरच्याचा मान राखणं आणि त्याच्या हातात एक काम देणं. 'तुम्ही चुकताय' हे वाक्य सरावात कुणी वापरलं तर थांबवा आणि पुन्हा सुरू करा. भूमिका बदला, मामा झालेला मुलगा स्वतःच नव्या हरकती काढतो आणि त्या खऱ्या असतात.

७. बाप आणि जाणत्यांशी बोलणं

मोठ्या सभेत बापाचं मत बदलत नाही, चारचौघांत माघार घेणं त्याला जमत नाही. पाच-सहा जणांच्या बैठका घ्या, पारावर, डेअरीवर दूध घालायच्या वेळी, भजनी मंडळाच्या आधी. आधी त्यांची भीती ऐका. 'मुलगी शाळेत जाते-येते तो रस्ता निर्जन आहे', 'बस साडेसातला घरी सोडते' या तक्रारी खऱ्या असतात. त्यावर पुरुषांना हाताने करता येईल असं काम द्या. ग्रामपंचायतीच्या पत्रासह आगार व्यवस्थापकांकडे बसची वेळ बदलायचा अर्ज, सोबत मुलींची संख्या आणि शाळेची वेळ. रस्त्यावर दिव्याचा ठराव. स्थलांतर होणाऱ्या गावात शाळा व्यवस्थापन समितीमार्फत हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव, तोही कुटुंबं निघायच्या आधी. आदिवासी मुलींच्या वसतिगृहासाठी नाशिक किंवा कळवणच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे अर्ज, वेळापत्रक जूनआधी बघून ठेवा. बसची वेळ बदलली की त्या बापाकडे मुलीला शाळेत ठेवण्याचं स्वतःचं कारण तयार होतं, आणि त्याचं श्रेय त्यालाच जातं.

लेक लाडकी योजना विचारली जाते. ती १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलींसाठी, पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेच्या कुटुंबांसाठी आहे, टप्प्याटप्प्याने एकूण १ लाख १ हजार रुपये. आज पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला ती लागू नाही. 'सरकार लाख रुपये देतं' असं मोघम सांगितलं की बाप अर्ज घेऊन येतो आणि खोटे पडता ते तुम्ही.

कीर्तनकार, मौलाना, भगत यांना तुमचं भाषण लिहून देऊ नका. कायद्याची दोन वाक्यं बरोबर सांगा, बाकी ते त्यांच्या शब्दांत सांगतील. कुठल्याही एका जातीचं किंवा धर्माचं नाव उदाहरणाला घेऊ नका, पुढची सगळी चर्चा त्यावरच होते.

८. मुलाकडची बाजू

काम मुलीच्या घरीच होतं आणि नवरदेवाचं घर तसंच राहतं. इथलं लग्न मोडलं की तेच लोक शेजारच्या तालुक्यात दुसरी अल्पवयीन मुलगी बघतात. म्हणून मुलाच्या बापाची भेट वेगळी घ्या. त्याच्या मुलावर काय येऊ शकतं ते शांतपणे, कलमासह सांगा. मग त्याला मान राखून बाहेर पडायची वाट द्या. 'लग्न मोडलं' ऐवजी 'मुलीचं शिक्षण चालू आहे म्हणून थांबलो' हे तो भावकीत सांगू शकतो. हुंडा नको म्हणून लहान मुलगी करणं आणि दलालामार्फत पैसे देऊन मुलगी आणणं यात फार अंतर नाही, हेही सांगा. विकून किंवा जबरदस्तीने, फूस लावून आणलेल्या अल्पवयीन मुलीशी झालेलं लग्न कायद्याने मुळातच अवैध असतं.

यातला सापळा: 'आता शब्द पक्का करू, लग्न अठरानंतर' अशी तडजोड दोन्हीकडे आवडते. पण सुपारी फुटली की मुलीची शाळा बहुधा सुटते, सणावाराला तिला त्या घरी पाठवायला लागतात आणि सहा महिन्यांत मंदिरात हार घातले जातात. तडजोड मागितली तर सुपारी नको, साखरपुडा नको, शाळा चालू, एवढ्यावर थांबा.

९. लग्नावर ज्यांचं पोट आहे त्यांना गाठा

मंडपवाले, आचारी, लॉन्सचे मालक, डीजे, फोटोग्राफर, पत्रिका छापणारे, भटजी, काझी. तारीख त्यांना सगळ्यांच्या आधी कळते आणि यात बहुतेक पुरुषच असतात. त्यांना सांगायचं एकच: बुकिंग घेताना दोघांच्या जन्मतारखेचा पुरावा मागा आणि झेरॉक्स फाइलला लावा. तुळशीच्या लग्नाआधी तालुक्याच्या ठिकाणी त्यांची एक बैठक घ्या, ग्रामसेवक किंवा पोलिसांना बोलवा. एकट्या मंडपवाल्याने नकार दिला तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जातं, म्हणून सगळ्यांनी एकाच दिवशी ठरवायला हवं.

पुरावा म्हणून आधार चालवू नका. त्यावरची तारीख सांगितल्यावरून लागलेली असू शकते. शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र आधी, ते नसेल तर ग्रामपंचायत किंवा महापालिकेचा जन्मदाखला. वय ठरवताना बाल न्याय कायद्यातही हाच क्रम आहे.

१०. खबर आली तर

लग्नाआधीच्या खुणा मुलांना दिसतात: वर्गातली मुलगी अचानक येईनाशी होते, शाळेतून दाखला काढला जातो, 'मावशीकडे गेली' असं सांगतात, घराला रंग लागतो, बस्त्याला गाडी जाते.

गटातल्या मुलांना हे ठासून सांगा की कुणी स्वतः त्या घरी जाऊन अडवायचं नाही आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर काही टाकायचं नाही. एका मेसेजने लग्नाची जागा बदलते. सुरगाणा-पेठकडे तर हद्द ओलांडली की गुजरात. त्यांनी १०९८ ला फोन करायचा किंवा ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका यांना सांगायचं. मुलीचं नाव आणि अंदाजे वय, गाव आणि पाडा, शाळा, लग्नाची तारीख आणि ठिकाण, मुलाकडचं गाव, एवढी माहिती असली की यंत्रणा हलते. नाव गुप्त ठेवा असं फोनवर स्पष्ट सांगा. हळदीच्या दिवसापर्यंत वाट बघू नका. खर्च झालेला असतो, पाहुणे आलेले असतात आणि राग मुलीवर निघतो.

घरचे ऐकत नसतील तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाई हुकूम घेता येतो. मनाई असताना लावलेलं लग्न मुळातच रद्दबातल असतं. लग्नाचा धोका असलेली मुलगी ही बाल न्याय कायद्याप्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक आहे, तिला बालकल्याण समितीपुढे हजर करता येतं.

११. लग्न थांबल्यावर

पालकांकडून हमीपत्र घेतलं जातं आणि सगळे घरी जातात. बरीच लग्नं त्यानंतरच्या पंधरवड्यात दुसऱ्या गावात, रात्री उरकली जातात. म्हणून पाठपुराव्याच्या वहीत मुलीच्या नावाऐवजी क्रमांक आणि अठरा पूर्ण होण्याची तारीख लिहा. पहिला महिना दर आठवड्याला, नंतर महिन्यातून एकदा अंगणवाडी सेविकेने भेटायचं. मुलगी शाळेत परत आली का, हे वर्गशिक्षकांकडून घ्या. मुलांच्या गटाला या वहीत बघू देऊ नका.

बापाला गावात टोमणे ऐकावे लागतात. तुमच्या यादीतल्या एखाद्या जाणत्याने त्याच्या ओसरीवर जाऊन बसावं, बाजारात सोबत जावं. त्याचा शाल-श्रीफळाने सत्कार करू नका, त्यात मुलीची ओळख गावभर होते. बातमीला फोटो देऊ नका.

लग्न आधीच झालं असेल तर काम संपत नाही. मुलीला वयाची वीस वर्षं पूर्ण होईपर्यंत ते लग्न रद्द करायला जिल्हा न्यायालयात अर्ज करता येतो. अठराच्या आत असेल तर तिच्या वतीने पालक किंवा जवळची व्यक्ती, बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्यासह अर्ज करते. पोटगी आणि राहण्याची सोय यांचा आदेश न्यायालय देऊ शकतं आणि अशा लग्नातून झालेलं मूल औरस धरलं जातं. बहुतेक मुलींना हे माहीत नसतं. ते तिला सांगायला आशाताई किंवा अंगणवाडी सेविका जाऊ द्या, तुमच्या गटातला मुलगा नको. त्या मुलीचा भाऊ गटात असेल तर त्याने करायचं काम वेगळं आहे: ती माहेरी परत आली तर तिचं अंथरूण कुठे पडेल आणि तिचं नाव पुन्हा शाळेत कोण घालेल, हे आजच घरात बोलून ठेवणं.